सोवळ्यातल्या उंदरिणी

"हात दे."

एवढंच म्हणायच्या. मी हात पुढे केला की मनगट धरून तो नाकापाशी न्यायच्या, डोळे मिटायच्या, आणि वाण्याकडे जुना तांदूळ हुंगून बघतात तसा हुंगायच्या. मग एक डोळा उघडून विचारायच्या, "कोणता साबण?"

कामाच्या पहिल्या दिवशी मी घाबरून म्हटलं, "चंदनाचा."

"उद्यापासून डाळीचं पीठ. नाव काय?"

"सुगंधा."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, नोकरी गेली. मग म्हणाल्या, "असू दे. नाव तेवढं चालेल. नावाला वास येत नाही."

असं एखादं माणूस तुम्हीही पाहिलं असेल, ज्याचं एक खूळ सगळ्यांना माहीत असतं आणि त्या खुळामागचं काम कुणालाच माहीत नसतं. मॅडम आमच्याकडे तशा होत्या. येलहंक्याच्या पुढे आमची संशोधनाची संस्था आहे, तिथे त्या शास्त्रज्ञ आणि मी पिंजरे धुणारी. मूळच्या पुण्याच्या, पण बेंगळुरूत इतकी वर्षं काढलेली की रिक्षावाल्याशी कन्नडमध्ये भांडायच्या आणि हरायला लागल्या की मराठीत पुटपुटायच्या. केस पांढरे, बारीक कापलेले. चष्म्याला सुती दोरी, कारण प्लास्टिकची चालत नसे. चष्मा मात्र प्लास्टिकचाच होता. तो हातात घेऊन त्या कधीकधी त्याच्याकडे रागाने बघत बसायच्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला स्टीलच्या पालथ्या बादलीवर बसवलं आणि विचारलं, "तुमच्या गावाला तलाठी आहे?"

माझं गाव गडहिंग्लजच्या बाजूचं. मी म्हटलं, "आहे."

"त्याच्या शिक्क्याचा कागद आला की काय करतात?"

"खरा धरतात."

"आणि कुणी खोटा शिक्का मारून कागद पाठवला तर?"

"जमीन जाते, मॅडम."

"शाबास. शरीरातही असे हुकूम फिरत असतात. हे वाढव, ते थांबव. प्लास्टिकातली काही रसायनं खोट्या शिक्क्याची असतात. शरीर त्यांचा हुकूम खरा धरतं." मग त्यांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला. "गर्भाशयाला, अंडाशयाला बारीक नसा जातात. आखड, सैल सोड, दुखतंय, सगळे निरोप त्यांच्यावरून. आईच्या पोटात पोर घडतं तेव्हाच त्या नसा घडतात. तेव्हा जर खोटा कागद येऊन पडला, तर त्या किती येतील आणि कुठे जातील? मला तेवढं बघायचंय. बाकीचं पुष्कळांनी बघितलंय. नसांकडे फार थोड्यांनी."

तोवर मला वाटायचं की बाईच्या पोटात नसा नसतातच, नुसतं दुखणं असतं.

खोलीत पांढऱ्या उंदरांच्या पिंजऱ्यांच्या दोन रांगा होत्या. एका रांगेतल्या गाभण उंदरिणींना रोज तेलातून ते रसायन थेंबभर द्यायचं. दुसऱ्या रांगेला नुसतं तेल. मग पिलं झाली, मोठी झाली, की त्यातल्या माद्यांच्या पोटातल्या नसा काचेखाली बघायच्या. पहिल्या रांगेला मॅडम 'ओवळ्यातल्या' म्हणायच्या, दुसरीला 'सोवळ्यातल्या'. सोवळ्यातल्यांना प्लास्टिकचा वाराही लागू द्यायचा नाही. पाण्याच्या बाटल्या काचेच्या, पिंजरे स्टीलचे, माणसं बिनवासाची.

सोवळं म्हणजे काय हे मला नव्याने शिकायचं नव्हतं. देवळाच्या पायरीपासून किती लांब उभं राहायचं, हे आईने आम्हाला चालायला शिकवतानाच शिकवलं होतं. आणि इथे सोवळ्याच्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला. शास्त्रज्ञसुद्धा दाराबाहेर उभे राहून विचारायचे, "सुगंधा, येऊ का?" मी मान हलवायची. मला तेवढंच जमायचं. मी फार बोलणारी नाही.

माझ्यासाठी नियम असे ठरले. बांगड्या काचेच्या. चिकटवायची टिकली बंद, तिला गोंद असतो, कुंकवाची पिंजर लावायची. गजरा बंद.

"मॅडम, अबोली?" मी विचारलं. फुलाशिवाय घराबाहेर पडायची मला सवय नव्हती.

"अबोली चालेल. तिला वास नाही आणि ती बोलतही नाही. तुझीच बहीण."

तेव्हापासून मी रोज अबोलीचाच वळेसर माळत आले.

लोक मॅडमना हसायचे, पण तोंडावर नाही. एकदा आमचे मोठे साहेब दिल्लीच्या पाहुण्यांना खोली दाखवायला घेऊन आले. मॅडम दारात. म्हणाल्या, "सर, हाथ दीजिए." साहेबांनी कौतुकाने हात मिळवायला पुढे केला. मॅडमनी तो हुंगला, मग पुढे होऊन साहेबांची कॉलर हुंगली.

"अत्तर."

"अरे मॅडम, स्वल्प लगाया है."

"स्वल्प धोकर आइए."

पाहुण्यांसमोर नाही म्हणणं साहेबांना अवघड गेलं असावं. माळ्याच्या नळाखाली ते खरोखर मान धुऊन आले, ओल्या केसांनी. तोवर मॅडमनी पाहुण्यांनाही हुंगून परत पाठवलं होतं. शेवटी आत गेलो ते मी आणि माझी झाडणी.

संक्रांतीला संस्थेच्या वसाहतीत मराठी बायकांचं हळदीकुंकू असायचं. मला तिळगूळ वाटायला आणि नंतर भांडी आवरायला बोलवायचे. त्या वर्षी मॅडमनी हात धरून मला आपल्या शेजारी सतरंजीवर बसवलं. सगळ्या नटलेल्या, हलव्याचे दागिने, काळ्या साड्या. वाण आलं. झाकणावर फुलं असलेले गुलाबी डबे.

"अय्या, किती क्यूट!" कुणीतरी म्हणालं.

मॅडमनी डबा उघडला, आत नाक घातलं, बाहेर काढलं. "कुणी आणले?"

"मी," घरची बाई म्हणाली. "का हो? चांगल्या क्वालिटीचे आहेत. बीपीए-फ्री."

"म्हणजे काय?"

"म्हणजे ते वाईट केमिकल असतं ना, ते ह्यात नाहीये."

"हो. ते काढलं आणि त्याच्या चुलतभावाला आत घेतलं."

मग त्या उभ्या राहिल्या. हातात डबा, कपाळाला ताजी हळद. खोटा शिक्का, गर्भाशय, अंडाशय, नसा, सगळं सांगितलं, उंदरिणीचं पोट हवेत बोटाने काढून दाखवलं. तिळाचे लाडू बायकांच्या तोंडात तसेच राहिले.

एक म्हातारी आजी म्हणाली, "अहो, हळदीकुंकवाला काय हे गर्भाशय!"

"मग कुठे बोलू? सत्यनारायणाला?"

सगळे डबे त्यांनी गोणीत भरले आणि मला उचलायला लावले. दुसऱ्या दिवशी प्रत्येकीच्या घरी एकेक स्टीलची वाटी पाठवली, स्वतःच्या स्वयंपाकघरातली. दुकानातून आणायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. पुढे पुष्कळ दिवस त्या आमटी पेल्यातून प्यायच्या. ते डबे संस्थेच्या सुताराने खिळे ठेवायला नेले.

मग त्या तापाची साथ आली. मॅडमना झाला, बऱ्या झाल्या, वाळून परत आल्या. दारातच म्हणाल्या, "हात दे."

मी दिला. त्यांनी हुंगला, डोळा उघडला. "कोणता साबण?"

"साबण नाही, मॅडम. हातावर फिनेल सांडलंय. धुवायलाच चालले होते."

फिनेलचा तो वास गेटपर्यंत जात असेल. मॅडमनी माझा हात परत नाकाशी नेला. परत. मग दार लावून घेतलं आणि त्याच पालथ्या बादलीवर बसल्या.

"सुगंधा, नाक गेलं माझं. काहीच येत नाही. कोणाला सांगू नकोस."

"नाही सांगत."

"नाक गेलेल्या बाईला कोण घाबरणार?"

तेव्हापासून हुंगायच्या त्या आणि वास घ्यायची मी. मॅडम कुणाचाही हात धरून डोळे मिटायच्या, मी मागे झाडणी घेऊन उभी. वास आला तर मी बांगड्या वाजवायची. "अत्तर!" मॅडम कडाडायच्या. न वाजवल्या तर "जा आत." लोक म्हणायचे, आजारानंतर मॅडमचं नाक आणखी तीक्ष्ण झालंय.

मॅडम तापाने घरी होत्या तेव्हाच पाणी शुद्ध करायचं जुनं यंत्र बिघडलं म्हणून दुरुस्त केलं आणि छतावरून नवा पाइप टाकला, पांढुरका, लवचीक. सगळ्या उंदरांना त्याच यंत्राचं पाणी द्यायचा नियम होता. त्या पाण्याला मला नव्या चपलेसारखा बारीक वास यायचा. शुद्ध पाण्याला असाच येत असेल, असं मी धरून चालले. मॅडमनी माणसांचे वास विचारले होते. पाण्याचा विचारला नव्हता.

पहिली खेप पुरी झाली. मॅडमकडे फार पूर्वीची एक काच होती, निरोगी उंदरिणीची. ती त्यांनी मला दुर्बिणीसारख्या यंत्रातून दाखवली होती. अंधारात हिरवे धागे, दाट, भोपळ्याच्या वेलाच्या ताण्यांसारखे एकमेकांत गेलेले. ओवळ्यातल्यांचे विरळ येतील आणि सोवळ्यातल्यांचे असे दाट, असा त्यांचा अंदाज होता. मॅडमनी नव्या काचा लावल्या. बघत राहिल्या. मग उठून मला जागा दिली. दोन्ही रांगांचं सारखंच होतं. दोन्हीकडे कुणीतरी अर्धी वीण उसवल्यासारखं.

"सोवळ्यातल्याही विटाळल्या," मॅडम म्हणाल्या. "कुठून आलं हे आत?"

त्यांच्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. उंदरिणींच्या आणखी एकाच खेपेला वेळ होता. तीही अशीच निघाली तर खोलीला कुलूप आणि इतक्या वर्षांचं काम कपाटात. हे त्यांनी मला सांगितलं नाही, पण सगळ्या संस्थेला माहीत होतं. मॅडमनी भिंती हुंगल्या, दिवे हुंगले, वॉचमनची काठी हुंगली. मी मागे. बांगड्या वाजल्या नाहीत.

आमच्याकडे शिवण्णा होता, उंदरांच्या पोटातून नसा काढून काचेवर चढवणारा. मैसूरकडचा, चांगला माणूस. चहाला बसलो असताना मी त्याला खुणेनेच विचारलं, काय झालं?

तो सुस्कारा टाकून म्हणाला, "कंट्रोलदु नर कूडा हाळागिदे, अक्का."

माझं कन्नड बाजारातलं. भाजी, पाणी, बसस्टॉप. कंट्रोल म्हणजे सोवळ्यातल्या, हे माहीत होतं. 'कूडा' म्हणजे सुद्धा. 'हाळागिदे' म्हणजे बिघडलंय, हे दुधावरून माहीत होतं. आणि 'नर' तर मराठीच शब्द. अर्थ लागला. सोवळ्यातले नरसुद्धा बिघडलेत.

खोलीच्या कोपऱ्यात सहा नर होते, उंदरिणी गाभण राहाव्यात म्हणून ठेवलेले. मी जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. सहाही जण साळसूदपणे मिशा पुसत बसले होते. म्हणजे हे बिघडलेत. आणि मॅडम बिचाऱ्या कुणाला सांगत नाहीत, कसं सांगणार?

विचारायला हवं होतं. पण असली गोष्ट मी शिवण्णाला कशी विचारणार? मॅडमना तरी? मी माझ्या मनाने चालले. नरांच्या बाटल्या आणि सोवळ्यातल्या बायकांच्या बाटल्या मी एकाच तोटीखाली भरत होते, एकाच टबात धूत होते. उष्टं कालवत होते. चूक माझीच, असं मला पक्कं वाटलं.

दुसरी खेप सुरू झाली त्या दिवसापासून मी सोवळ्यातल्यांचं पाणी वेगळं केलं. गेटजवळ बोअरवेलचा जुना लोखंडी नळ आहे. तिथून स्टीलच्या कळशीतून पाणी आणायचं, कॅन्टीनच्या शेगडीवर पातेल्यात उकळायचं, फडक्याने गाळायचं, गार करून त्यांच्या बाटल्यांत भरायचं. माझ्या मुलीला तान्हेपणी असंच दिलं होतं. कॅन्टीनवाल्याला वाटायचं, मला काहीतरी दुखणं आहे. तो जिरं द्यायचा. मी घ्यायची.

ओवळ्यातल्यांना मात्र मी यंत्राचंच पाणी दिलं. त्यांना तर बिघडवायचंच होतं.

महिने गेले. सहा नरांशी मी एक शब्द बोलले नाही.

खेप पुरी झाली. शिवण्णाने काचा लावल्या. मॅडम यंत्रावर वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. मग न बघता त्यांनी मागे हात केला, माझा हात शोधला आणि ओढून मला पुढे बसवलं. दाट हिरवे धागे. अगदी त्या जुन्या काचेसारखे. दुसरी काच ओवळ्यातल्यांची. उसवलेली.

मॅडमनी त्या दिवशी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना केसरीभात दिला, स्टीलच्या ताटल्यांतून. मोठे साहेब पुन्हा मान धुऊन आले. पुढच्या सोमवारी परदेशातल्या लोकांसमोर संगणकावरून सगळं मांडायचं ठरलं. मॅडम वयाने दहा वर्षांनी कमी दिसायला लागल्या.

पण दोन दिवसांनी बघते तर बादलीवर बसलेल्या.

"सुगंधा, ह्या वेळी स्वच्छ का आलं? मागच्या वेळी घाण काय होती आणि ती गेली कशी? हे नाही कळलं तर मी सोमवारी काय सांगू? आपोआप बरं झालं म्हणू?"

मी झाडणी भिंतीला टेकवली. मी नियम मोडला होता. सगळ्यांना एकच पाणी, हा नियम. बोलले तर नोकरी जाणार हे दिसत होतं. त्याहून मोठं काय जाणार, ते मला तेव्हा कळत नव्हतं. न बोलणं मला सोपं होतं. जन्मभर तेच केलं होतं. पण त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू वास माझ्याकडूनच कळणार आहे.

मी बांगड्या वाजवल्या.

मॅडमनी मान वर केली. "काय? कुणाचा?"

"माझा," मी म्हटलं. आणि मग सगळं सांगितलं, बिघडलेल्या सहा नरांपासून.

मॅडमना आधी काही उमगेना. त्यांनी शिवण्णाला हाक मारली. त्याने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अय्यो! नर अंद्रे नस, अक्का! नस! नर्व!"

"मग नराला तुम्ही काय म्हणता?" मॅडमनी विचारलं.

शिवण्णाने कन्नड शब्द सांगितला. तो ऐकून मी पदर तोंडाला लावला. मराठीत ती शिवी होते, म्हणून तो मी इथे लिहीत नाही.

मॅडम हसायला लागल्या. इतक्या की चष्मा काढून ठेवावा लागला. "सहा जणांना वाळीत टाकलं हिने! बिचारे!" शिवण्णा हसत होता, मीही हसले. मॅडमचं हसणं मग हळूहळू थांबलं.

"यंत्राच्या पाण्याला वास होता?"

"होता. नव्या चपलेचा. पाइप बदलल्यापासून."

"आणि तू बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं नाही."

त्यांनी पाण्याची एक बाटली उचलून उजेडात धरली. "माणसं हुंगत बसले मी," म्हणाल्या. "पाणी राहिलं." मग सावकाश, मला समजेल असं सांगितलं. सोवळ्यातल्यांचं पाणी वेगळं, ओवळ्यातल्यांचं वेगळं. मग नसा उसवल्या त्या थेंबामुळे की पाण्यामुळे? आता कुणालाच सांगता येणार नाही. दोन्ही रांगांना सारखं पाणी असतं तरच ते खरं. म्हणजे ही खेपही गेली. आणि तिसरीला वेळ नाही.

माझ्यामुळे स्वच्छ आलं होतं आणि माझ्यामुळेच गेलं होतं.

मोठे साहेब आले. सगळं ऐकून इंग्रजीत काहीतरी म्हणाले, मग माझ्यामुळे हिंदीत. कुणाला कळणार आहे? पाण्याचं कशाला सांगायचं? सोमवारी नसा दाखवा. "ये तो चौथी पास है, इसको क्या पता."

"तिला पत्ता होता म्हणून तर तिने सांगितलं," मॅडम मराठीत म्हणाल्या. साहेबांना ते कळलं नाही. मला कळलं.

सोमवारचं रद्द झालं. मॅडमनी तो पाइप कापून त्याचा तुकडा तपासणीला पाठवला. त्यातून खोट्या शिक्क्याचं रसायन पाण्यात उतरत होतं. शेवटच्या महिन्यांत त्यांनी नसांचा मोठा लेख लिहिलाच नाही. एक छोटा लेख लिहिला. आमच्याकडे असा पाइप होता, आमच्या सोवळ्यातल्या उंदरिणी अशा विटाळल्या, तुमच्याकडचे पाइप बघून घ्या. शेवटी आभारात माझं नाव घातलं. परदेशातून विचारणा आली की सुगंधा हे कुठलं रसायन आहे आणि किती प्रमाणात वापरलं. मॅडमनी कळवलं, ती बाई आहे.

मला नोकरीवरून कुणी काढलं नाही. मॅडमनी मला एकदाही बोल लावला नाही, त्याचंच मला ओझं झालं होतं.

त्यांचा शेवटचा दिवस आला. खोली रिकामी झाली होती, पिंजरे धुऊन उन्हात. आता सोवळं उरलं नव्हतं, म्हणून मी येलहंक्याच्या बाजारातून अबोलीत मरवा घालून वळेसर करून घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वासाचं काही माळलं. दारात उभी राहिले आणि या वेळी मीच म्हटलं, "मॅडम, वास घ्या."

त्यांनी वाकून माझ्या केसांशी नाक नेलं. डोळे मिटले. पुष्कळ वेळ तशाच राहिल्या. मला वाटलं, आला की काय. मग सरळ झाल्या.

"मरवा ना? पानं दिसली. माझ्या आईच्या दारात होता." आणि म्हणाल्या, "सांग, कसा आहे वास?"

"चांगला आहे."

"एवढंच? चपलेचा बरोबर सांगितलास की."

मी वळेसर चाचपत राहिले.

"बोलवत नसेल तर लिही," म्हणाल्या. "चौथी पास आहेस ना? लिही आणि पाठव. घाई नाही."

जाताना मला एक स्टीलचा डबा दिला, उशिराचं वाण म्हणून. आपल्याकडे भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालतात. ह्यांनी डब्याच्या तळाला नाव न घालता त्या आता जिच्याकडे राहायला जाणार होत्या त्या नाशिकच्या बहिणीचा पूर्ण पत्ता कोरून घेतला होता, पिनकोडसकट. "कागद तू हरवशील," म्हणाल्या. "डबा कुणी हरवत नाही." रिक्षात बसताना रिक्षावाल्याचा हात धरून हुंगायला गेल्या आणि आपणच हसल्या.

आता त्या खोलीत दुसरं काही काम चालतं. नव्या बाईंना वासाचं काही नाही, त्या छान अत्तर लावतात. माझ्या बांगड्या अजूनही मधूनच वाजतात, सवयीने, आणि कुणी वळून बघत नाही. पहिल्या बाटलीचं पाणी मी रोज हुंगते. काही आलं तर आता न विचारता सांगेन.

ही वही त्यानंतर आणली. पहिल्या पानावर लिहिलं होतं, मरव्याचा वास हिरवा असतो. ते खोडलं. मग लिहिलं, ओल्या पाटीवर पुसलेलं अक्षर उन्हात वाळतं तसा. ते जवळ आहे, पण त्यात तिखटपणा नाही, म्हणून तेही खोडलं. मधल्या पानांवर त्यांच्याबद्दलच लिहीत गेले, कारण ते सोपं होतं.

आज पुन्हा मरवा आणलाय. डबा पालथा घालून समोर ठेवलाय, पत्ता वर करून. काडी चुरडली, हुंगली, डोळे मिटले. मॅडम, थांबा. येतोय.